टिनाच्या घरातला उन्हाळा: घरामागे ६-८ हजारांत आधी काय करायचं, आणि पैसे कुठून जोडायचे?

ग्रामसंघ_वर्धा:

नमस्कार मंडळी. वर्धा जिल्ह्यातल्या एका गावच्या ग्रामसंघासाठी (महिला बचत गटांचा गावचा संघ) विचारते आहे. ३४ घरांची यादी झाली आहे आणि फेब्रुवारीत काम सुरू करायचं आहे, म्हणून नेमकी उत्तरं हवीत.

२६ घरं टिनाची, ५ सिमेंट पत्र्याची, ३ घरकुलाची स्लॅबची. बहुतेक घर १२ बाय २० फूट, एकच खोली, दोन्ही बाजूंना उतार. वळचणीला उंची ८ फूट, आढ्याला साडेदहा. टिनाखाली बल्ल्या, चार-पाच घरांत लोखंडी पाइप. आतून छताला काहीच नाही. खिडकी एक, तीही बहुतेक बंद. पंखे सगळीकडे, कूलर १९ घरांत.

गटाच्या कर्जातून घरामागे ६ ते ८ हजार निघतील, त्याच्या वर नाही. प्रश्न असे:

टिनाला वरून पांढरा रंग आधी, की आतून छत आधी? दुकानदार चमकीची (अॅल्युमिनियमची) शीट सांगतो, काही लोक थर्मोकोल लावून राहिले, ते करावं का? कूलर नसलेल्या १५ घरांना सरळ कूलरच घेऊन द्यावा असं काही जणींचं म्हणणं आहे, ते कितपत बरोबर?

आणि पैशाचं. अमेरिकेत कमी उत्पन्नाच्या घरांना थंडी-उन्हापासून बंदिस्त करून द्यायला १९७६ पासून सरकारी कार्यक्रम आहे. आपल्याकडे असं एकच खातं सापडत नाही. घरकुल, सौर, पंचायतीचा निधी असे तुकडे जोडायचे तर कोणता तुकडा कशाला चालतो?

---

चुना_ब्रश:

ताई, आधी वरून. ऊन टिनावर पडण्याआधीच किंवा पडल्यापडल्या परतवणं सगळ्यात स्वस्त. एकदा टिन तापला की तो खाली किरणांच्या रूपाने उष्णता फेकतो. मग पंखा कितीही फिरवा, डोकं तापतंच, कारण पंखा हवा हलवतो, टिनाची धग अडवत नाही.

नवा टिन चमकतो, तरी इतका का तापतो हा प्रश्न नेहमी येतो. जस्ताचा मुलामा ऊन बऱ्यापैकी परतवतो, पण शोषलेली उष्णता आकाशाकडे सोडण्यात तो फार कंजूष आहे. पांढरा रंग दोन्ही करतो. जुना, काळवंडलेला, गंजलेला टिन तर परतवतही नाही. भर दुपारी असा टिन ६० अंशांच्या पुढे जातो.

कोणावर काय लावायचं हे मात्र वेगवेगळं आहे, आणि इथेच पैसे वाया जातात.

टिनावर चुना लावू नका. गुळगुळीत जस्तावर तो धरत नाही, टिन दिवसा फुगतो-रात्री आकसतो तसे पापुद्रे सुटतात आणि एप्रिलच्या पहिल्या अवकाळीत अर्धा चुना अंगणात येतो. शिवाय ओला चुना जस्ताला खातो. काही जण चिकटावं म्हणून चुन्यात मीठ टाकतात. ते भिंतीला ठीक, टिनाला म्हणजे गंजाला आमंत्रण.

टिनावर अॅक्रिलिक पांढरा रंग, तोही छतासाठी बनवलेला ताणला जाणारा. ऑइल पेंट नको. जस्त आणि तेलाची रिअॅक्शन होऊन मधे साबणासारखा थर तयार होतो आणि सहा महिन्यांत रंग कातडीसारखा सोलून निघतो. दुकानदार म्हणतो टिन खराब होता. टिन खराब नसतो, रंग चुकीचा असतो.

तुमच्या घराचं माप: १२ बाय २० चं छत, उतार आणि वळचणी धरून साधारण ३०० चौरस फूट. टिनाच्या लहरी धरल्या की रंगवायची जागा ३४० च्या आसपास. दोन हातांना लिटरमागे २० ते २५ चौरस फूट धरा, म्हणजे १५ लिटर. लिटरला २५० रुपये धरले तर ३,७५०. २६ घरांचं एकत्र घेतलं तर २० लिटरच्या बादल्या येतात आणि दर बराच उतरतो. दुकानदार एका लिटरमध्ये ५० चौरस फूट सांगेल. ते एका हाताचं आहे.

क्रम असा. आधी गळती: सैल झालेले जे-हुक आवळा, फाटलेले डांबरी वॉशर बदला. भोक लहरीच्या माथ्यावर हवं. खोलगट भागात असेल तर तिथे पाणी साचतं आणि रंगाखालून गळत राहतं. मग गंजाचे डाग तारेच्या ब्रशने घासून त्या डागांवरच गंजरोधक प्रायमर. मग साबणाच्या पाण्याने पूर्ण छत धुवा, कापसाच्या हंगामाची धूळ आणि चुलीचा धूर तेलकट बसलेला असतो. एकदम नवा टिन असेल तर त्याला एक पावसाळा खाऊ द्या, नाहीतर गॅल्व्हनाइज्डसाठीचा प्रायमर घ्या. पहिल्या हातात पाणी १० टक्क्यांच्या वर नको. दुसरा हात चार-सहा तासांनी, आडव्या दिशेने.

वेळ सकाळी सहा ते साडेनऊ. तापलेल्या टिनावर रंग पडला की पाणी उडून जातं, रंग पसरत नाही, नुसती भुकटी बसते. पोरं शनिवारी दुपारी सुट्टी म्हणून चढतात, आणि तोच रंग जूनमध्ये वाहून जातो.

चढताना पाय टिनावर नको. बल्लीच्या रेषेत, हुकांच्या ओळीवर आडवी फळी टाका.

सिमेंट पत्र्याच्या ५ घरांना चुना उत्तम धरतो. १० ते १२ किलो कळीचा चुना, २५ ते ३० लिटर पाणी, एक लिटर अॅक्रिलिक बाँडिंगचं द्रव; तीन पातळ हात. चुना आदल्या दिवशी विरवा. लोखंडी ड्रममध्ये आधी पाणी, मग थोडा थोडा चुना. उलट केलं तर उकळून अंगावर उडतो, प्लास्टिकची बादली वितळते. डोळ्यांवर चष्मा पाहिजेच. डोळ्यात गेलाच तर भरपूर साध्या पाण्याने धूत राहायचं आणि दवाखाना. चुना एका पावसाळ्याचा सोबती आहे, दर फेब्रुवारीत पुन्हा.

जुन्या सिमेंट पत्र्यात अॅस्बेस्टॉस असतो. तो कोरडा घासू नका, तारेचा ब्रश लावू नका, नवी भोकं पाडू नका. पाणी शिंपडून मऊ कुंच्याने शेवाळ काढा. आणि त्यावर कधीच उभं राहू नका, जुना पत्रा न सांगता तुटतो.

घर किती अंशांनी उतरेल? खोलीतली हवा २ ते ४ अंश धरा. कोणी दहा अंश म्हणत असेल तर तो टिनाचं तापमान सांगतो आहे, खोलीचं नाही.

---

बांबू_गडचिरोली:

वरच्या भाऊंशी सहमत, पण ८ हजारांत दुसरं कामही बसतं, म्हणून लिहितो.

आतलं छत बांबूच्या ताटव्याचं, म्हणजे कामट्या विणून केलेल्या तट्ट्यांचं करा. थर्मोकोल नको: पेटला की जळते थेंब खाली पडतात, आणि ज्या घरात चूल आहे तिथे हा विषयच संपतो. उंदीर त्यात घरं करतात ते वेगळंच.

चमकीची शीट काम करते, पण एकाच अटीवर: चमकणाऱ्या बाजूसमोर किमान एक इंच मोकळी हवा हवी, आणि ती बाजू खाली तोंड करून हवी. वर तोंड केलं तर दोन महिन्यांत धूळ बसून चमक संपते. लोक ती टिनाला चिकटवून खिळे मारतात. तिथे ती फक्त शोभेची. शिवाय अॅल्युमिनियममधून वीज वाहते. जुन्या घरातली उघडी वायर शीटला टेकली तर अख्खं छत जिवंत होतं. वायरिंग पाइपमध्ये घातल्याशिवाय ती लावू नका.

आता ताटवे. १२ बाय २० म्हणजे २४० चौरस फूट. ४ बाय ६ चे १० ताटवे गणिताने होतात, पण भिंती कुठे सरळ असतात, १२ आणा. आडवे बांबू दोन-दोन फुटांवर, ११ नग, आणि लांबीला ३. बांधायला १४ गेजची तार, दर तीन फुटांवर बल्लीला लटकवायची.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे छत सपाट लटकवणं. तुमची वळचण ८ फूट आहे. सपाट छत साडेसात फुटांवर आलं की पंख्याचं पातं माणसाच्या हाताला लागतं. छत टिनाच्या उताराला समांतर घ्या, टिनापासून ६ इंच खाली. पंख्याची दांडी ताटव्यातून वर नेऊन बल्लीलाच पकडा, ताटव्याला कधीच नाही.

ही ६ इंचांची पोकळी खाली वळचणीशी आणि वर आढ्याशी उघडी ठेवा. टिनाखालची तापलेली हवा वर चढते आणि आढ्यातून निघून जाते, तिच्या जागी वळचणीतून कमी तापलेली येते. दोन्ही तोंडं बंद केली तर ती पोकळी भट्टीच. आढ्याची टोपी दीड इंच उचलता आली तर उत्तम. नाहीतर दोन्ही टोकांच्या त्रिकोणी भिंतींत आढ्याजवळ ९ बाय ९ इंचांचे झरोके. सगळ्या तोंडांना बारीक तारेची जाळी, उंदीर आणि त्याच्यामागे येणारा साप दोघांसाठी.

ताटव्याच्या वरच्या अंगाला जुने बारदाने चुन्याच्या घट्ट पाण्यात बुडवून पसरा, वाळू द्या, मग ताटवा वर चढवा. धूळ गळत नाही आणि ठिणगीला लवकर पेट घेत नाही. खालून पांढरा चुना, म्हणजे खोलीत उजेडही वाढतो. चुलीच्या वर चार फुटांत ताटवा लावू नका, तिथे धुरासाठी मोकळं.

बांबूला भुंगा लागला की वर्षभरात खालच्या भांड्यांत पिवळी भुकटी पडायला लागते. त्याला बांबूतला गोडवा हवा असतो. हिवाळ्यात कापलेला बांबू घ्या आणि तीन-चार आठवडे नाल्यात किंवा टाक्यात बुडवून ठेवा; पाणी काळं होऊन वास मारेल, तोच गोडवा निघतो आहे. घाई असेल तर बोरिक आम्ल १ भाग, बोरॅक्स दीड भाग, पाण्यात मिळून ५ टक्के, त्यात दोन-तीन दिवस. फेब्रुवारीत काम म्हणजे बांबू आताच पाण्यात पडायला हवा.

बांबू कुठून, तर ज्या ग्रामसभांना सामूहिक वनहक्क आहे त्यांचा बांबू त्यांचाच. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाने २०११ मध्ये बांबूच्या वाहतूक परवान्याचा हक्क मिळवला तेव्हापासून इकडच्या ग्रामसभा थेट विकतात. ताटवे मात्र तुमच्याच तालुक्यातल्या बुरडांकडून विणून घ्या, विणलेला ताटवा ट्रकमध्ये मोडतो.

---

वऱ्हाडी_बुलडाणा:

इतके पैसे कायले लावता? इकडे लोक टिनावर तुराट्या नाहीतर पऱ्हाट्या (तुरीच्या, कपाशीच्या वाळल्या काड्या) पसरवतात, वरून दोर बांधतात. सावली ते सावलीच हाये ना. नाहीतर ७५ टक्केवाली हिरवी शेडनेट घ्या, टिनापासून फूटभर वर बांबूवर ताणा. रंगाच्या निम्म्या पैशात होते.

---

चुना_ब्रश:

शेडनेटचं बरोबर आहे भाऊ, तुमच्या "फूटभर वर" या शब्दांसकट. नेट थेट टिनावर टाकली तर तीच तापून टिनाला उष्णता देते. पण मे महिन्यातलं वादळ नेटसकट बांबू आणि कधी टिनही उचलतं. नेट लावायचीच तर कडेला दर दीड फुटाला कडी, दोर जमिनीतल्या खुंटीला, टिनाला नाही. आणि आभाळ भरून आलं की सोडता येईल अशी गाठ. भाड्याच्या घराला किंवा यंदा रंग न जमणाऱ्या घराला हा चांगला उपाय.

पऱ्हाटी मात्र नकोच. उन्हाळाभर गावात साठवलेल्या पऱ्हाटीत आणि तिच्यावरच्या किडक्या बोंडांत गुलाबी बोंडअळी जगते आणि पुढच्या कपाशीवर येते. म्हणून तर कृषी खातं पऱ्हाटी काढून नष्ट करा म्हणतं. घराला सावली करून वावराचं नुकसान. शिवाय वाळलेली काडी, खाली चूल. आणि एक पाऊस पडला की ओल्या काडीखाली टिन गंजतो, ते वर्षाने कळतं.

सावलीच हवी तर पश्चिमेच्या भिंतीला द्या. दुपारी तीन ते सहा ती भिंत तापते आणि रात्री अकरापर्यंत आत सोडत बसते. दोन फुटांवर बांबूचा मांडव, त्यावर दोडके किंवा वाल.

---

फेज_न्यूट्रल:

कूलर, पंखा आणि वीज यावर लिहितो. कूलर आधी घेऊन देणं म्हणजे फुटक्या माठात पाणी भरणं. उघड्या टिनाखाली कूलर लावला तर तो जिथे झोत पडतो तिथेच गार. टिन आणि छताचं काम झालेल्या घरात तोच कूलर पूर्ण खोलीला पुरतो, किंवा रात्री दहानंतर बंद करता येतो. आणि कूलर आपल्याकडे मार्च ते जूनच्या मध्यापर्यंतचा गडी. मृग बरसला की हवेत ओल येते आणि तो फक्त उकाडा वाढवतो. ऑक्टोबरच्या उन्हात तर कूलर माळ्यावर गेलेला असतो.

ज्या १९ घरांत कूलर आहे तिथे बिनखर्चाची दुरुस्ती: हवा बाहेर जायला वाट द्या. लोक गारवा जाईल म्हणून दार-खिडकी लावून घेतात, मग खोली दमट होते आणि कूलर नुसता आवाज करतो. तासाला ३,००० घनमीटर हवा टाकणाऱ्या कूलरला साधारण साडेचार चौरस फुटांची उघडी जागा समोरच्या बाजूला लागते. दोन बाय सव्वादोन फुटांची एक खिडकी. कूलर स्वतः सावलीत आणि शक्यतो उत्तरेच्या किंवा पूर्वेच्या खिडकीत.

पंख्याचा हिशेब पाहा. जुना पंखा ७५ वॅट, बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटरचा) ३० च्या आसपास. दिवसाला १६ तास चालला तर एका पंख्यामागे महिन्याला २१ ते २२ युनिट वाचतात, दोन पंख्यांचे ४३. उन्हाळ्यात १३० युनिट जाळणारं घर ८७ वर येतं. १०० च्या वरच्या प्रत्येक युनिटचा दर खालच्या टप्प्याच्या जवळपास दुप्पट आहे, म्हणजे वाचलेल्यांतली ३० युनिटं महागडी होती. आणि १०० च्या आत राहण्याचा आणखी एक फायदा आहे, तो सौरच्या मुद्द्यात. पंखा घेताना पाच तारे आणि वॅटचा आकडा खोक्यावर पाहा. "पॉवर सेव्हर" लिहिलेलं काहीच सांगत नाही.

आता जिवाचं. दर उन्हाळ्यात विदर्भात कूलरच्या शॉकने माणसं जातात, आणि कारणं तीच असतात: लोखंडी बॉडी, पाण्यात बुडालेल्या पंपाची फाटलेली वायर, ओला पाय, अर्थिंग नाही. पाणी भरताना बटण बंद करून भागत नाही, प्लग ओढा. जुन्या घरात बटण न्यूट्रलवर घातलेलं असतं आणि फेज कूलरपर्यंत जिवंत राहतो. तीन पिनांचा प्लग लावूनही अर्थिंगची तार मागे कुठेच जोडलेली नसते. टेस्टरने हे कळत नाही, वायरमनकडून फेज आणि अर्थिंगच्या मधे १०० वॅटचा दिवा लावून बघा. पूर्ण उजेड पडला तरच अर्थिंग. आणि काळ्या मातीचा एक गुण लक्षात ठेवा: मे महिन्यात ती भेगाळते, अर्थिंगचा पाइप मातीपासून सुटतो. खड्ड्यात आठवड्याला दोन बादल्या पाणी.

सगळ्यात वर ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी, म्हणजे वीज गळायला लागली की लगेच पुरवठा तोडणारा स्विच. ८ हजारांच्या यादीत मी ती पंख्याच्या आधी घालीन. लावल्यावर वारंवार पडायला लागली तर ती खराब आहे असं म्हणून लोक काढून टाकतात. बहुतेक वेळा न्यूट्रल पुढे कुठेतरी अर्थिंगला किंवा शेजारच्या घराच्या न्यूट्रलला जोडलेली असते, नाहीतर कूलरचा पंप खरोखर गळत असतो. आधी पंप काढून बघा.

---

प्रभाग_सीआरपी:

पैशाचं मी सांगते. एकच खातं नाही हे खरं. पण तिकडच्या त्या अमेरिकन कार्यक्रमातली एक गोष्ट उचलण्यासारखी आहे: आधी घराची तपासणी, मग काम, आणि काम तेच जे बचतीतून आपला खर्च भरून काढतं. आपणही ३४ घरांना एकच पाकीट देऊ नये. दर घरी एक कागद: छत कशाचं, गळती किती, अर्थिंग आहे का, १२ महिन्यांची बिलं, आजारी किंवा म्हातारं माणूस दुपारी घरात असतं का. शेवटचा रकाना आधी भरा, क्रम त्याने ठरवा.

घरकुल: प्रधानमंत्री आवास ग्रामीणचे १ लाख २० हजार, डोंगराळ आणि नक्षलग्रस्त भागात १ लाख ३० हजार. रमाई, शबरी आणि मोदी आवास या राज्याच्या. हे नव्या घराचे पैसे आहेत, जुन्या टिनाला यातून काही मिळत नाही. पण यादीतली जी घरं यंदा घरकुलात लागणार आहेत त्यांच्या टिनावर रंगाचे पैसे घालू नका. त्याऐवजी बांधकामात दोन गोष्टी घालायला लावा: स्लॅबच्या खाली समोरासमोर झरोके, आणि स्लॅबवर पांढऱ्या फुटक्या टाइल्स. स्लॅब दिवसभर तापतो आणि रात्री झोपायच्या वेळी उष्णता सोडतो, म्हणून घरकुलात गेलेली माणसं पुन्हा अंगणात झोपतात. २०२५ पासून राज्याने आवास ग्रामीणच्या दुसऱ्या टप्प्यात ५० हजारांची भर घातली, ३५ हजार घराला आणि १५ हजार छतावरच्या सौरला.

सौर: पीएम सूर्यघरमधून पहिल्या दोन किलोवॅटला किलोवॅटमागे ३० हजार. राज्याच्या स्मार्ट योजनेत एक किलोवॅटला ५० हजार खर्च धरून दारिद्र्यरेषेखालच्या घराने फक्त २,५०० भरायचे, १०० युनिटच्या आतल्या अनुसूचित जाती-जमातीच्या घराने ५,०००, बाकीच्यांनी १०,०००. एक किलोवॅट महिन्याला १०० ते १२० युनिट देतं. वर्षभराच्या बिलांत १०० च्या वर गेलेला महिना दिसला की दारिद्र्यरेषेबाहेरच्या घराचं अडतं, म्हणून आधी पंखे, मग अर्ज.

अडतं ते दोन ठिकाणी. एक, बिल अजून वारलेल्या सासऱ्यांच्या नावावर. नमुना ८ (घराचा पंचायतीतला उतारा) आणि वीजबिल एकाच नावावर आणायला दोन महिने धरा, आजच अर्ज टाका. दोन, छत. एक किलोवॅट म्हणजे दोन पॅनेल, ५५ ते ६० किलो अधिक सांगाडा, आणि खरी भीती वजनाची नाही, वाऱ्याने उचलण्याची. लोखंडी पाइपाच्या छताला सांगाडा पाइपालाच पकडता येतो. बल्लीच्या आणि सिमेंट पत्र्याच्या छतावर नको. अंगणात स्वतंत्र खांबांवरचा सांगाडा चालेल का ते पुरवठादाराकडून पाहणीच्या वेळीच लिहून घ्या.

पंचायत: स्वतःच्या उत्पन्नातून १५ टक्के मागासवर्गीयांवर, १० टक्के महिला-बालकल्याणावर आणि ५ टक्के दिव्यांगांवर खर्च करायचे असतात. यादीत दिव्यांग व्यक्तीची घरं असतील तर त्यांच्या पंख्या-आरसीसीबीसाठी त्या ५ टक्क्यांवर ग्रामसभेत नावानिशी ठराव मागा. "उष्णतेसाठी मदत" असा मोघम ठराव पुढे सरकत नाही. अंगणवाडीचं टिनाचं छत मात्र पंचायतीच्या आराखड्यात बसतं, ते गटाच्या पैशाने करू नका.

कर्ज: ८ हजार, महिना १ टक्का. दहा समान हप्ते लावले तर व्याज ४४०. पण मार्च ते सप्टेंबर घरात पैसा नसतो आणि तिसऱ्याच महिन्यात हप्ता थकतो. त्यापेक्षा महिन्याला फक्त ८० रुपये व्याज, ४ हजार मुद्दल सोयाबीन विकल्यावर ऑक्टोबरात, उरलेले ४ हजार कापसावर जानेवारीत. व्याज ७६० पर्यंत जातं, ३२० जास्त. थकलेल्या हप्त्याने गटाची श्रेणी घसरते, त्यापेक्षा हे स्वस्त. माल गटाने एकत्र घ्यावा आणि कर्ज वस्तूच्या रूपाने द्यावं, रोख दिलं की ते खतात जातं.

---

ग्रामसंघ_वर्धा:

सगळ्यांचे आभार. मग असं धरते: टिनाच्या घराला रंग ३,७५०, आरसीसीबी आणि अर्थिंग, उरलेल्यात ताटवे किंवा एक पंखा. ताटवे आणि पंखा यांत कोणतं? आणि काम झाल्यावर फरक पडला हे बायकांना दाखवायचं कसं? एकीने तापमान मोजायची गन आणली आहे, पण ती चमकत्या टिनावर ३८ अंश दाखवते आणि हात लावला तर भाजतं.

---

बांबू_गडचिरोली:

वळचण ८ फूट आहे तिथे ताटवे. जिथे वळचण सात-साडेसात आहे तिथे पंखा, कारण छत घेतलं की डोक्याला लागेल. रंगाचे हात आटपेपर्यंत बांबू पाण्यातून निघेल, म्हणजे ताटवे मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात.

---

चुना_ब्रश:

गन खोटी नाही, टिन तिला फसवतो. चमकतं जस्त स्वतःची उष्णता कमी फेकतं आणि आकाशाचं प्रतिबिंब दाखवतं, म्हणून आकडा कमी येतो. टिनावर काळ्या चिकटपट्टीचा हातभर तुकडा लावा, पाच मिनिटं थांबा, पट्टीवर गन धरा. रंगावर मात्र तशीच धरली तरी चालते.

खोलीसाठी साधा २००-३०० रुपयांचा तापमापक घ्या, जमिनीपासून पाच फुटांवर, भिंतीला टेकू न देता दोरीने लटकवलेला. रंगवलेलं एक घर आणि शेजारचं त्याच तोंडाचं न रंगवलेलं एक घर, दोन्हीकडे दुपारी तीन आणि रात्री दहाचा आकडा, आठ दिवस. कूलर दोन्हीकडे बंद असताना. पहिली चार घरं फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात करून टाका, बाकीच्यांच्या रंगाची ऑर्डर ते आकडे आल्यावर द्या. एखाद्या कंपनीचा माल पातळ निघाला तर चार घरांवरच कळेल.

---

फेज_न्यूट्रल:

आणि रंगवायच्या दिवशी घरचा मेन बंद. टिनाच्या कडेने सर्व्हिस वायर येते, तिचं आवरण उन्हाने तडकलेलं असतं आणि रंगवणाऱ्याचा ब्रश ओला असतो. ३४ घरांत अशी वायर किती ठिकाणी टिनाला टेकली आहे ते त्या तपासणीच्या कागदावर घाला, वीज कंपनीला एकाच अर्जात यादी द्या.